बोटीच्या पडद्यावरचा ओढा

पुन्हा ते दिवस आलेत. कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या माणसं देवाचं तोंड बघायच्या आधी फोनवर बंधाऱ्याची पातळी बघतात. किती फूट, किती इंच, धरणाचे किती दरवाजे उघडले. चहाच्या गाड्यावर पातळी, दूधकट्ट्यावर पातळी. बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो, काय पावणं, वाढलंय का उतरलंय? कशाचं ते सांगावं लागत नाही.

मी शहरात भाड्याच्या खोलीत राहते आणि एका छापखान्यात मजकूर जुळवते, चुका तपासते. खिडकीतून नदी दिसत नाही, पण तिचा वास येतो. गढूळ, थोडा गंजल्यासारखा, कुजलेल्या पाचटाचा. त्या वासानं शेजारच्या काकू सामान माळ्यावर चढवायला लागतात. मला त्या वासानं बरं वाटतं. काही माणसं राग शिळा होऊ नये म्हणून फोटो जपून ठेवतात. मला नदी पुरते.

माणसं बोटीला चार्टप्लॉटर घेतात ती वाट सापडावी म्हणून. गेल्या पावसाळ्यात आम्ही घेतला तो, निदान माझ्यापुरता, एका माणसाला धरायला.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं. घर जैन, धंदा उसाचा, आणि पंचगंगा परसदारी. त्या मोठ्या महापुरात आम्ही घराच्या पत्र्यावर बसलो होतो आणि कुणा परगावच्या पोरांनी त्यांच्या बोटीतून आम्हाला काढलं. आप्पा म्हणजे माझे वडील. बोटीत बसताना ते एवढंच म्हणाले, की पुन्हा कुणाला हाका मारायची वेळ नको. पाणी उतरल्यावर घरात फायबरची बोट आली. पण पूर काही रोज येत नाही, आणि माझे चुलते, अण्णा, हे रोज काहीतरी करमणूक लागणारे गृहस्थ. त्यांनी बोटीवर निळं छत बसवलं, गाद्या शिवून घेतल्या, आणि रविवारची सहल चालू झाली. सांगलीचे पाहुणे यायचे, फोटो काढायचे. आमच्यात सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, त्यामुळं आमच्या सहली भर दुपारच्या. उन्हानं छत तापायचं, डब्यात दही-धपाटे, आणि अण्णा इंजिन बंद करून सांगायचे, बगा, कशी शांतता हाय. त्यांच्या बोलण्यामुळं ती शांतता कधी कुणाला ऐकू आली नाही.

मग एका पुरात अण्णांनी बोट आमच्याच रानावरून नेली आणि विहिरीच्या कठड्यावर घातली. पुरात नदी कुठली आणि रान कुठलं हे कळत नाही. सगळा एकच तपकिरी पाट. खाली विहीर, मोटारीची खोली, विजेचा खांब, कुणाच्या बांधावरचं बाभळीचं झाड. इंजिनाचा पंखा उसाच्या शेंड्यात गुरफटला आणि पाहुण्यांमधली एक बाई रडायला लागली. आईनं त्या संध्याकाळी निकाल दिला, एकतर वाट दाखवणारं काहीतरी आणा, नाहीतर बोट विका. अण्णांनी फोनवर शोधून शब्द आणला, चार्टप्लॉटर. बोटीत बसवायचा एक पडदा. उपग्रहावरून आपली जागा कळते, पाण्याच्या नकाशावर आपली बोट बाणासारखी सरकताना दिसते. बुडाशी एक सेन्सर लावला की खाली किती खोल आहे तेही सांगतो.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं.

कारण सांगते. आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला भूपालकाकांचं मंगल कार्यालय आहे. काका आमच्याच समाजातले, लांबच्या नात्यातले, गावात वजन असलेले. कार्यालय बांधायच्या आधी त्यांनी तिथं मुरमाचा भराव टाकला, पुरुषभर उंच. पूर्वी तिथून ओढा वाहायचा. नदी उतरली की गल्लीतलं पाणी त्या ओढ्यानं परत नदीला जायचं. भराव पडला आणि पाण्याची वाट बंद झाली. सगळा गाव वाळला तरी आमची गल्ली आणि तिच्या पुढची बुद्धविहाराची गल्ली पाण्यात उभी. माझी मैत्रीण सुजाता विहाराच्या गल्लीतली. तिच्या घराच्या भिंती मातीच्या. त्या मोठ्या महापुरात त्या टिकल्या होत्या. पूर गेल्यावर जे पाणी तुंबून राहिलं त्यात त्या खालून विरघळल्या आणि एका दुपारी घर बसलं. तिचे वडील आत होते. आजही ते काठीशिवाय उठत नाहीत.

आणि आम्हा बुडालेल्यांना आसरा कुठं मिळाला? त्याच कार्यालयात. भराव उंच, म्हणून ते कोरडं. कोरडं, म्हणून आसरा. आसरा, म्हणून उपकार. नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून आम्हाला सतरंज्या दिल्या. शेवटच्या दिवशी मदतीच्या पिशव्या वाटल्या, तांदूळ, साबण, काडेपेटी, आणि पिशवीवर काकांचा हसरा फोटो. माइक आणला होता. टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या आईनं पिशवी घेताना खाली वाकून त्यांना हात जोडले. मी रांगेत मागंच होते. घर बुडालेलं मी सोसलं असतं. तो नमस्कार मला सोसला नाही. माझं सगळं पूरग्रस्तांच्या चळवळीतलं शिक्षण, सगळी पत्रकं, सगळ्या घोषणा त्या एका नमस्कारातून निघाल्या, आणि हे सांगायला मला कसलीच लाज वाटत नाही.

सुजाता आणि मी प्रांत कचेरीत अर्ज केले. तिथं काकांच्या वकिलानं एकच वाक्य धरून ठेवलं, की तो ओढा नव्हताच, शेतातला चर होता. चर म्हणजे शेतकऱ्यानं पाणी निघायला खणलेली नाली. ती बुजवली तर गुन्हा नाही. ओढा नैसर्गिक, तो बुजवता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी येऊन सांगितलं की ओढा होता. वकील म्हणाला, यांची घरं बुडालीत, हे दुसरं काय सांगणार? आता जमिनीवर मुरूम, मुरमावर लॉन, लॉनवर कारंजं. खाली काय आहे ते कोण बघणार? मुरमाखालचं दिसणार नव्हतं. पण भरावाच्या अलीकडं आणि पलीकडं रानात काय आहे ते मोजता येणार होतं. कोरड्या दिवसांत तिथं दुसऱ्यांचा ऊस आणि कुंपणं असतात, काकांच्या वाटेला जायला नको म्हणून मालक आत पाऊल टाकू देत नाहीत. पुरात मात्र कुणाचं कुंपण?

तर आम्ही उद्यमनगरात गेलो. आप्पा, अण्णा आणि मी. बोअरच्या मोटारी विकणारं दुकान, पण महापुरांनंतर त्यांनी एका कोपऱ्यात लाइफ जॅकेट, रबरी बोटी, इंजिनं मांडलीत. दुकानात ग्रीसचा वास, बाहेर लेथचा आवाज. दुकानदारानं काउंटरवर तीन पडदे ठेवले आणि सगळ्यात मोठा चालू केला. त्यात नमुन्यादाखल एक बोट कुठल्यातरी परदेशी बंदरात फिरत होती. निळं पाणी, दीपगृहं, लाल-हिरव्या खुणा. अण्णा विरघळले. बोटानं नकाशा पुढं-मागं सरकवत बसले. त्यात गाणीही वाजतात हे कळल्यावर त्यांनी आप्पांकडं असं बघितलं, जसं पोर जत्रेत बापाकडं बघतं.

मी विचारलं, पाऊस पडत असताना हा चालतो का? दुकानदार म्हणाला, वॉटरप्रूफ हाय की ताई. मी म्हटलं, तसं नाही, पडद्यावर ओलं बोट चालतं का? मी कोपऱ्यातल्या नळाखाली हात भिजवून आणला आणि पडद्यावर फिरवला. नकाशा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. एकदम परदेश गायब आणि समुद्राचा मध्य. अण्णा म्हणाले, तुला सगळ्यात खोट काढायची सवयच हाय. मी म्हटलं, त्याचाच पगार मिळतोय मला.

मधला पडदा उन्हात काळा दिसत होता. दारात नेऊन बघितला म्हणून कळलं. उरला तो सगळ्यात लहान, जाड बटणांचा, दिसायला जुन्या रेडिओसारखा. पण तो एक काम करत होता जे मला हवं होतं. बोट जिथून जाईल तिथली खोली तो स्वतः नोंदवत जायचा आणि आपल्या फेऱ्यांतून आपलाच नकाशा रंगवायचा. उथळ ते फिकट, खोल ते गडद. तो नकाशा कार्डावर काढून घेता येत होता. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक पटलं, आता शेवटचा ठोका मारावा. तो आप्पांना म्हणाला, ‘आणि ह्यात मासं बी दिसत्यात बगा.’

आप्पा काउंटरपासून मागं सरकले. जणू मासे तिथंच ओतले होते. चातुर्मास चालू, त्यांचं एकभुक्त चाललेलं, हिरवी भाजीसुद्धा ताटात नाही, आणि हा माणूस त्यांना मासे शोधायचं यंत्र विकत होता.

‘आमाला मासं नकोत,’ ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, मग बंद करा की, मेनूत हाय, माशाचं चित्र येत न्हाय.

‘चित्र येत न्हाय. पर ते शोधतंय न्हवं?’

त्या दुकानात आजवर असा प्रश्न कुणी विचारला नसावा. दुकानदारानं माहितीपुस्तिका उघडली आणि मिटली. सेन्सर नको, नुसता नकाशावालाच द्या, असं आप्पा म्हणायच्या बेतात होते, आणि सेन्सर गेला की माझं सगळं गेलं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, ‘आप्पा, खाली जीव हाय हे दिसलं तर पंखा टाळता येईल. न दिसता कापलेल्याचं पाप कुणाला?’

 लेथ थांबला, पुन्हा चालू झाला. मग त्यांनी अट घातली, हे यंत्र कधी कुणाला मासेमारीला द्यायचं नाही, आणि तिथंच दुकानात आम्हा दोघांकडून वचन घेतलं. मी मनापासून दिलं. मला एकच मासा हवा होता, आणि तो पाण्यात नव्हता.

परतताना हातकणंगल्यापर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. तिथं गाडी थांबवून भजी घेतली तेव्हा म्हणाले, गाणी तरी पाहिजे हुती गं.

नदी रानात शिरली तेव्हा आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी जोडून यंत्र चालू केलं. सेन्सर मागच्या फळीला, पडदा छताच्या खांबाला. बाण आला, आणि बाणाच्या भोवती कोरी पिवळट जमीन. एक रेघ नाही, एक अक्षर नाही. आत भरलेले नकाशे समुद्राचे होते. कोकणचा किनारा खडकाखडकासकट होता. आमची नदी नव्हतीच. अण्णांनी चिडून दुकानात फोन लावला, की आमची बोट शेतात दाखवालंय. तिकडून दुकानदारानं विचारलं, मग कुठं हाय तुमी? अण्णांनी खाली बघितलं. आम्ही आमच्या उसावर तरंगत होतो. त्यांनी फोन ठेवून दिला.

आई हसली, मीही हसले, पण ती कोरी जमीन मला अजून टोचते. ज्या पाण्यावर कुणाचं जहाज चालत नाही त्या पाण्याचा नकाशा कुणी काढत नाही. फोनवरच्या नकाशात कार्यालय मात्र ठळक होतं. फोटो होते, तारे होते, ‘प्रशस्त पार्किंग’ असा अभिप्राय होता. ओढा कुठंच नव्हता. मेलेल्या माणसाचं निदान नाव तरी राहतं.

पाणी स्थिर झालं त्या दुपारी अण्णा, सुजाता आणि मी बोट घेऊन निघालो. अण्णांना सांगितलं, विहिरी आणि खांब नोंदवायचेत. ते खोटं नव्हतं, तेही नोंदवले. पण मग मी त्यांना कार्यालयाच्या मागच्या रानात न्यायला सांगितलं आणि नांगरट करावी तशा फेऱ्या मारायला लावल्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सुजाता पुढं बांबू घेऊन बसलेली, खांब दिसला की बांबू आपटायची. पाण्यावर चपला, थर्माकोल, एक कुंकवाची डबी. उसाची पानं बोटीच्या पोटाला खालून खाजवत होती. आणि पडद्यावर फिकट रंगाच्या मधोमध एक गडद पट्टा उमटायला लागला.

आधी वाटलं, चरच असेल. पण तो पट्टा वळला. बांधाला धरून नाही, कुणाच्या हद्दीला धरून नाही, आपल्या मनानं वळला. जुन्या चिंचेला वळसा घातला आणि पुन्हा आला. चर माणूस खणतो, आणि माणूस सरळ खणतो. वळतं ते पाणी. तो पट्टा थेट कार्यालयाच्या मागच्या भिंतीपर्यंत आला आणि तिथं चाकूनं कापल्यासारखा तुटला. आम्ही वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेलो. भिंतीच्या पलीकडं, बरोबर समोर, तोच पट्टा पुन्हा सुरू झाला आणि नदीकडं गेला. सुजातानं बांबू खाली ठेवला. पडद्यावर मधल्या तुटक्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हितं लग्नं लागत्यात.’

प्रांतसाहेबांनी नकाशा बघितला. सभ्य माणूस, चहा मागवला. म्हणाले, तुमचं खासगी यंत्र, तुम्हीच मोजलेलं, याला आधार म्हणता येणार नाही, सरकारी मोजणी लावू, पुढची तारीख घ्या. पुढची तारीख म्हणजे पुढचा पूर. मी त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना ठरवलं, की यंत्र पुरत नसेल तर माणसाचं तोंड उघडायचं.

ते कसं, हे मला माहीत नव्हतं. ते काकांनीच केलं.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व संपतं आणि क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी माणसं घरोघर जातात, हात जोडतात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात आणि देतात. उत्तम क्षमा, एवढंच म्हणायचं. कुठली चूक ते विचारायचं नाही, तशी रीतच नाही. भूपालकाका सकाळीच आले. पांढरे कपडे, उपासानं चेहरा उतरलेला. सोप्यावर आप्पा, अण्णा, आई. सगळ्यांसमोर हात जोडत ते शेवटी माझ्यासमोर आले. मी त्यांच्या नातीच्या वयाची.

‘उत्तम क्षमा, त्रिशला.’

‘कशाबद्दल, काका?’ मी विचारलं.

अण्णा खोकले. आईनं माझा दंड धरला. काका म्हणाले, कळत-नकळत झालेल्या समद्याबद्दल, बाळ.

‘नकळत झालेलं सोडा. कळून केलेलं एक सांगा.’

आप्पांनी माझं नाव घेतलं, एकदाच, खालच्या आवाजात. काका खांबाला टेकून खाली बसले. मला वाटलं, आता उठून जातील. ते आपल्या तळहातांकडं बघत म्हणाले, ‘ओढाच हुता गं तो. चर न्हवं. मी त्यातच पवायला शिकलो.’ मग म्हणाले, इतके उपास केले पण हे काही गळ्याखाली उतरत नाही, आता तू पोटात घाल.

मी हात जोडले नाहीत. ते उठले, चपला घातल्या, आणि अंगणातून जाताना त्यांची चाल बदललेली मला दिसली. माणूस हलका होऊन चालला होता. मला तो हलका व्हायला नको होता.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून सुजाताला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, तुमच्यात चालतं का असं, क्षमा मागताना बोललेलं बाहेर सांगितलेलं? मी म्हटलं, नाही चालत. ती म्हणाली, मग नीट विचार कर. मी केला, आणि मथळा जुळवला: ‘भूपालकाका ज्यात पोहायला शिकले, तो चर किती खोल होता?’ पत्रक गल्लीगल्लीत गेलं. तारीख निघाली तेव्हा कचेरीत काकांच्या शेजारी उभा राहून वकील ते फडकावत म्हणाला, साहेब, ही बदनामी आहे, असं माझे पक्षकार कधी बोललेच नाहीत. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा आणखी कोण होतं?

आप्पा मागच्या बाकावर होते. मला घरी न्यायला आले होते. मी त्यांचं नाव घेतलं.

आप्पा पुढं आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, काकांकडं बघितलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात उसाच्या वजनातसुद्धा खोटं सांगितलं नाही तो काय सांगणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच घेतलं होतं मी नाव.

‘व्हय,’ आप्पा म्हणाले. ‘तसं म्हणालं हुतं.’

काकांनी नाकारलं नाही. वकील त्यांच्या कानाशी लागला, तरी ते समोरच बघत राहिले. ओढा मोकळा करायचा आदेश निघाला. पायऱ्यांवर आप्पा मला म्हणाले, ‘तू खोटं केलं न्हाईस. पर चांगलं बी केलं न्हाईस.’ पहिलं वाक्य मी घेतलं. दुसरं त्यांच्यापाशीच राहू दिलं.

जेसीबी आला तेव्हा मी छापखान्यातून सुट्टी काढली. रोज बघायला गेले, डबा घेऊन. आधी कारंजं गेलं, मग लॉन, मग ते कमानीचं स्टेज जिथं पिशव्या वाटल्या होत्या. मुरमाचे ट्रक भरून गेले. खालून काळी, ओली, शेवाळाच्या वासाची माती वर आली. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघायचे. मीही बघायचे.  लोक म्हणाले, पोरीला न्याय पाहिजे होता. मला सूड पाहिजे होता. न्याय म्हटलं की लोक हार घालतात, सूड म्हटलं की तोंड फिरवतात. खणायला जेसीबी दोन्हीला तोच लागतो.

यंदा नदी पुन्हा रानात शिरली. उतरली तशी आमची गल्लीही तिच्याबरोबर उतरली. सुजातानं फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला. म्हणाली, रात्रभर वाहतंय, झोप लागत नाही. तिचे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते म्हणे, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याला काठीनं पुढं हो, पुढं हो म्हणत होते. अण्णांना आता रविवारी ओढ्यातून बोट न्यायचीय. पाहुण्यांना दाखवायचंय. मी म्हटलं, खुशाल न्या.

आप्पा माझ्याशी बोलतात. पातळी विचारतात, जेवलीस का विचारतात. पण बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, काका ज्या वेळेला दर्शनाला जातात ती वेळ त्यांनी सोडून दिलीय. एकेकाळी दोघं बरोबर जायचे.

क्षमावाणी जवळ आलीय. मी गावी जाईन. आईसमोर हात जोडीन, अण्णांसमोर जोडीन, आप्पांसमोर सगळ्यात जास्त वेळ जोडून ठेवीन. मग आई दबक्या आवाजात विचारेल, काकांकडं जाऊन येतीस का? धाकट्यानं थोरल्याच्या दारात जायचं, अशी रीत आहे. मी जाणार नाही. माझ्या वतीनं त्यांच्या दारात ओढा गेलाय, आणि तो क्षमा मागत नाही.